सव्विसाव्या मैलापासून पुढे

परमवीर चक्राची मानपत्रं एकापाठोपाठ एक वाचली की त्यांचा साचा ओळखीचा होतो. शत्रूची फळी, त्यावर चढाई, हातघाई, जखमा आणि बहुतेकदा शेवटी मृत्यू. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांचं मानपत्र या साच्यात बसत नाही. ते वाचताना बांधकामावरच्या मुकादमाची डायरी उघडल्यासारखं वाटतं. सकाळी सहाला काम सुरू, दुपारी तीनला वळणरस्ता तयार, पाचच्या सुमाराला मोरी, सव्वासहाला पाच झाडांचा अडथळा. दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचला पुन्हा काम सुरू. राणे यांनी बंदूक चालवून कुणाला टिपलं, असं त्यात कुठंही म्हटलेलं नाही. या माणसाने चार दिवसांत एक रस्ता मोकळा केला आणि त्याबद्दल त्याला देशातला शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला.

भारतीय सैन्याच्या इंजिनीअर कोअरच्या वाट्याला आलेलं हे एकमेव परमवीर चक्र. तरी आपल्याकडे राणे यांच्याविषयी बोललं जातं ते शाळेतल्या भाषणात, चार ओळींत. त्या चार ओळीही बहुधा रणगाड्याखाली सरपटणाऱ्या राणेंच्या असतात. त्या प्रसंगाकडे पुढे येऊच. आधी माणूस पाहू.

राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिये गावचे. जन्म २६ जून १९१८. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होतं; उत्तर कानडा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला तो १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत. वडील पोलिसात शिपाई. त्यांच्या बदल्यांमागे घर फिरायचं आणि मुलाची शाळाही. १९३० च्या सुमाराला देशभर चळवळ पेटली तेव्हा बारा वर्षांचा राम तिच्याकडे ओढला गेला. सरकारी नोकरीतल्या बापाला याचा घोर लागणं साहजिकच होतं. त्याने बिऱ्हाड पुन्हा चेंडियेला हलवलं. इंग्रज सरकारविरुद्धच्या चळवळीत ओढला गेलेला हाच मुलगा दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, इंग्रजांच्याच फौजेत भरती झाला. त्या पिढीतल्या कितीतरी तरुणांचा प्रवास असाच झाला. त्यात विसंगती शोधत बसणाऱ्यांनी कोकणपट्टीतल्या तेव्हाच्या घरांची मिळकतही एकदा डोळ्यांसमोर आणावी.

भरती झाली बॉम्बे इंजिनीअर्समध्ये, म्हणजेच बॉम्बे सॅपर्समध्ये. या गटाचं घर पुण्याजवळ खडकीला. रंगरूटांमध्ये राणे सर्वोत्कृष्ट ठरले आणि त्यांना कमांडंटची छडी मिळाली. साध्या जवानाच्या कारकिर्दीत ही छडी म्हणजे पहिली मोठी पावती.

राणे नवखे रंगरूट असतानाच त्यांच्या गटाच्या इतिहासातली एक मोठी घटना घडली. १९४१ च्या जानेवारीअखेर सुदान आणि ॲबिसिनियाच्या सीमेवर बॉम्बे सॅपर्सचा एक तरुण अधिकारी, सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत, माघार घेणाऱ्या इटालियन फौजेने पेरलेले सुरुंग काढत सैन्याच्या पुढे निघाला. चार दिवस, पंचावन्न मैल, पंधरा सुरुंगक्षेत्रं. तो बसलेली गाडी सुरुंगावर जाऊन दोनदा उडाली. कानाचा पडदा फाटला तरी गडी काम सोडून हटला नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हा पहिला भारतीय अधिकारी. भगत आणि राणे एकाच वर्षी, १९१८ मध्ये जन्मलेले. एक डेहराडूनच्या लष्करी अकादमीतून अधिकारी होऊन आलेला, दुसरा पोलीस शिपायाचा मुलगा, शिपाई म्हणून भरती झालेला. सात वर्षांनी या दुसऱ्याने हुबेहूब पहिल्याच्या जातीचं काम केलं, पहाडात केलं, आणि तेव्हा तोही सेकंड लेफ्टनंटच होता. मला हा योगायोग वाटत नाही. खडकीच्या शिकवणीत हे काम होतं आणि त्या कामाचा मानही होता.

त्याआधी ब्रह्मदेश. राणे २८ फील्ड कंपनीबरोबर आराकानच्या आघाडीवर होते, २६ व्या डिव्हिजनमध्ये. बुथीडाँग सोडून सैन्य मागे हटलं तेव्हा राणे यांच्यासह दोन सेक्शन मागे ठेवले गेले. जपान्यांच्या हाती काही लागू नये म्हणून महत्त्वाची ठिकाणं उडवून द्यायची, आणि मग नौदलाचं जहाज येऊन या लोकांना घेऊन जाणार, असा बेत. जहाजाचा बेत फसला. शेवटी या तुकडीला जपानी गस्त असलेली नदी स्वतःच ओलांडावी लागली, आणि ती डिव्हिजनला जाऊन मिळाली. राणे हवालदार झाले. सॅपरचं, म्हणजे सैन्यातल्या इंजिनीअर जवानाचं, नशीबच असं असतं. सैन्य पुढे जाताना तो सगळ्यांच्या पुढे, आणि मागे हटताना सगळ्यांच्या मागे.

१५ डिसेंबर १९४७ रोजी राणे यांना कमिशन मिळालं. फाळणीनंतर सैन्याचीही वाटणी झाली होती, काश्मीरचं युद्ध सुरू झालं होतं, अधिकाऱ्यांची चणचण होती. अशा वेळी आराकानात तावून-सुलाखून निघालेला माणूस वर आला. खांद्यावर अधिकाऱ्याचा तारा लागून चार महिनेही झाले नव्हते तेव्हा ते नौशेऱ्याला ३७ असॉल्ट फील्ड कंपनीत होते.

नौशेरा आणि राजौरी ही जम्मूच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्टीतली गावं. आज अखनूरहून पूंछकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग यांच्यावरूनच जातो. वाट मात्र फार जुनी. मुघल बादशहा याच वाटेने काश्मीरला जात-येत. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर वारला, तेव्हा शव टिकावं म्हणून त्याची आतडी काढून वाटेवरच्या चिंगसच्या सराईत पुरली, असं सांगतात. ती सराई अजून उभी आहे. राणे यांच्या मानपत्रात चिंगसचं नाव येतं ते हेच चिंगस.

राजौरी पाकिस्तानच्या पाठबळावर लढणाऱ्या टोळीवाल्यांच्या हाती पडली ती १९४७ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांत. गावात आणि आसपासच्या खेड्यांतून आश्रयाला आलेल्या लोकांत मोठी कत्तल झाली. डिसेंबरअखेर नौशेऱ्याजवळचं झंगडही गेलं. फेब्रुवारीत नौशेऱ्यावरचा मोठा हल्ला परतवला गेला. नाईक यदुनाथसिंह यांचं परमवीर चक्र त्या दिवसाचं. मार्चमध्ये ब्रिगेडियर उस्मान यांच्या फौजेने झंगड परत घेतलं. आता राजौरी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रिगेडियर यदुनाथसिंह यांच्या १९ व्या इन्फन्ट्री ब्रिगेडने चाल सुरू केली. (हे यदुनाथसिंह वेगळे, नाईक यदुनाथसिंह वेगळे, बऱ्याच लेखांत दोघांची गल्लत झालेली दिसते.) सोबत सेंट्रल इंडिया हॉर्स या रेजिमेंटचे स्टुअर्ट रणगाडे.

स्टुअर्ट हा हलका रणगाडा, पण पहाडात तोही रस्त्याचा गुलाम. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मधे जेमतेम एका गाडीचा रस्ता. अशा ठिकाणी सगळ्यात पुढचा रणगाडा सुरुंगावर गेला की मागची सगळी रांग जागच्या जागी खिळते, आणि वर डोंगरात मशीनगन लावून बसलेल्याला आयतं सावज मिळतं. शत्रूने हे ओळखलं होतं. त्याने रस्त्यावर चीडची झाडं आडवी पाडली, मोऱ्या उडवल्या, रस्त्याचे बांध फोडले, त्यांच्या आजूबाजूला सुरुंग पेरले आणि प्रत्येक अडथळ्यावर गोळीबाराचा पहारा ठेवला. नुसत्या अडथळ्याला सॅपर भीत नाही. अडथळ्यावर रोखलेली बंदूक असते तेव्हा मात्र त्याला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात: हात स्थिर ठेवायचे आणि डोकं खाली.

८ एप्रिल १९४८. रस्त्यावरच्या सव्विसाव्या मैलापाशी सुरुंग आणि अडथळे काढणारी तुकडी राणे यांच्या हाताखाली. सकाळचे अकरा. नादपूर साऊथजवळ तुकडी रणगाड्यांशेजारी उभी राहून कामाला लागण्याची वाट बघत होती. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा सुरू झाला. दोन जवान जागीच गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणेही होते.

इथं त्यांना मागे जाता आलं असतं. जखमी अधिकारी उपचाराला मागे गेला तर त्याला कुणी नावं ठेवत नाही. राणे यांनी उरलेल्यांची नव्याने जुळवाजुळव केली आणि रणगाड्यांना जागेवर नेण्यासाठी काम सुरू केलं. दुपारी साडेचारच्या सुमाराला ४ डोगरा या पलटणीच्या जवानांनी बरवालीची धार जिंकली. डोंगर अजून पुरता निर्धोक झालेला नव्हता, हे ठाऊक असूनही राणे तुकडी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता खणायला लागले. शत्रूच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात, रात्री दहापर्यंत.

सुरुंग काढायचा म्हणजे हाताने काय करायचं, हे वाचकाला माहीत असायला हवं. नाहीतर 'सुरुंग काढले' हे दोन शब्द फार स्वस्त वाटतात. यंत्राचा भरवसा धातूपुरता. सुरुंग लाकडी पेटीत असेल किंवा जमिनीत लोखंडाचे तुकडे विखुरलेले असतील, तर उरते संगीन. माणूस पोटावर पडतो, संगीन तिरपी धरून जमिनीत हळू खुपसतो. तिरपीच, कारण सुरुंगाचा दाब वरून लागतो. सरळ खाली खुपसलं तर सुरुंगाच्या माथ्यावरच टेकायची. काही कडक लागलं की थांबायचं आणि बाजूची माती बोटांनी उकरायची. सुरुंगाची कड दिसली तरी लगेच उचलायचा नाही. उचलणाऱ्यासाठीच खाली दुसरा फास लावलेला असू शकतो. तो चाचपायचा, मग उचलायचा, बाजूला न्यायचा, आणि पुन्हा वीतभर पुढे. घामाने हात निसटतो, डास चावला तरी मारता येत नाही. हे शांततेच्या काळात, सरावाच्या मैदानावर. नौशेऱ्याच्या रस्त्यावर वरून गोळ्या येत होत्या.

दुसऱ्या दिवशी, ९ एप्रिलला, सकाळी सहाला पुन्हा काम. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला आणि चिलखती रांग हलली. राणे सगळ्यात पुढच्या कॅरिअरमध्ये बसले. कॅरिअर ही वरून उघडी, पातळ पत्र्याची, साखळीवर चालणारी गाडी. सुरुंगापुढे तिचा निभाव लागणं कठीण. अर्धा मैल गेले नाहीत तोच चीडच्या झाडांचा अडथळा. राणे उतरले, दारू लावून झाडं उडवली, पुन्हा गाडीत. आणखी तीनशे यार्डांवर तेच. रस्ता डोंगराला वेढे घालत चाललेला, प्रत्येक वळणामागे काय असेल याचा पत्ता नाही. पाचच्या सुमाराला उडवलेली मोरी आडवी आली. काम सुरू व्हायच्या आतच मशीनगन धडधडायला लागल्या, तरीही तिथे वळण काढलं गेलं. सव्वासहाला, उजेड उतरत असताना, पाच मोठी झाडं आणि त्यांच्याभोवती सुरुंग. राणे त्याही अडथळ्याला भिडले होते. पण रणगाड्यांच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून रांग रात्रीच्या मुक्कामाला वळवली. तो निर्णय शहाणपणाचा होता, हेही सांगायला हवं. शौर्यकथांमध्ये थांबवणारा माणूस नेहमी भित्रा ठरतो. इथे त्याने तुकडी आणि तुकडीचा अधिकारी दोन्ही वाचवले.

१० एप्रिलची पहाट, पावणेपाच. रणगाड्यांच्या एका छोट्या तुकडीच्या आडोशाने काम सुरू झालं आणि साडेसहापर्यंत पाच झाडांचा तो अडथळा साफ झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळे आणि ढासळवलेले बांध यांची नुसती गर्दी. साडेदहापर्यंत तेही मोकळे झाले. तिथून रणगाडे रस्ता सोडून तवी नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनला चिंगसला पोहोचले.

मला या सगळ्या हकिकतीतला सर्वात मोलाचा क्षण इथं वाटतो. रणगाडे निघून गेले होते. ज्यांच्यासाठी रस्ता काढायचा ते पुढे सरकले होते. जखमी, दोन दिवस राबलेल्या माणसाने इथं बसून घोटभर पाणी प्यायलं असतं तरी मोहीम यशस्वीच म्हणवली गेली असती. पण रणगाडे नदीच्या पात्रातून जातात, ट्रक जात नाहीत. दारूगोळा, पेट्रोल, शिधा, जखमींना आणण्याच्या गाड्या या सगळ्यांना रस्ताच लागतो. मागून रसद आली नाही तर चिंगसला पोहोचलेले रणगाडे तिथंच अडकून पडणार. हे उमगायला सैनिकी हिशेब लागतो, आणि तो हिशेब इथं एका चार महिन्यांच्या अधिकाऱ्याच्या डोक्यात होता. त्या दिवशी राणे विश्रांती न घेता, अन्नाला न शिवता रात्री नऊपर्यंत काम करत राहिले. ११ एप्रिलला सकाळी सहाला पुन्हा हजर. अकराला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, आणि पुढचा रस्ता साफ करण्याचं काम रात्री दहापर्यंत चाललं.

मानपत्रातल्या वेळा मांडून बेरीज केली तर ८ तारखेच्या अकरापासून ११ तारखेच्या रात्री दहापर्यंत एकंदर त्र्याऐंशी तास होतात. त्यातले पंचावन्नच्या आसपास प्रत्यक्ष कामाचे.

१२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरलं. टोळीवाल्यांनी जाता जाता गाव उद्ध्वस्त केलं होतं, माणसं मारली होती. मधल्या पट्ट्यात लपूनछपून राहिलेले कितीतरी निर्वासित मात्र सैन्य वेळेवर आल्याने वाचले. रस्ता एखाद-दुसरा दिवस उशिरा खुला झाला असता तर काय, याचा अंदाज ज्याने त्याने करावा. राजौरीत दरवर्षी १३ एप्रिलला 'राजौरी दिवस' पाळतात.

आता तो रणगाड्याखालचा प्रसंग. सांगतात असं: एका ठिकाणी गोळीबारामुळे सुरुंगांपर्यंत पोहोचणंच अशक्य होतं, तेव्हा राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले आणि त्याच्या दोन साखळ्यांच्या मधे, त्याच्याच गतीने सरपटत पुढे गेले. चालकाला थांब आणि चल सांगायला दोन दोर. परमवीरांवरच्या पुस्तकांतून आणि चित्रकथांतून ही गोष्ट पसरली आहे. मानपत्रात ती नाही. घडलंच नसेल असा याचा अर्थ नव्हे. मानपत्रात सगळं मावत नाही. पण राणे यांची ओळख या एका चित्तथरारक दृश्यावर उभी करण्याची गरज नाही, असं मला वाटतं. क्षणभराचं धाडस अनेकांना साधतं. पहिल्याच तासात जखमी होऊन, दोन माणसं गमावून, नंतर तीन दिवस रोज पहाटे उठून तेच जीवघेणं काम पुन्हा हाती घेणं, हे दुर्मीळ.

परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली, आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरलं गेलं. पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकरांचा. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून मनाने पुरत्या इथल्या झालेल्या या बाईंनी काशाच्या तबकडीवर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती कोरल्या. राणे यांचं नाव २१ जून १९५० च्या राजपत्रात आलं. काश्मीरच्या त्या पहिल्या युद्धाची परमवीर चक्रं पाच. त्यांतली तीन मरणोत्तर. हयातीत पदक छातीवर लागलं ते दोघांच्या, लान्स नाईक करमसिंग आणि राणे. वज्राची ही पदकं आजवर एकवीस दिली गेली आहेत. त्यांतलं हे एक सुरुंग उकरणाऱ्या आणि उडवलेल्या मोऱ्यांना वळणं काढणाऱ्या हातांना मिळालं. निवड करणाऱ्यांच्या जाणकारीला दाद द्यावी लागेल.

पुढची कारकीर्द झगमगाटाची नाही. राणे वीस वर्षं आणखी सैन्यात राहिले. एकंदर अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत पाच वेळा त्यांचं नाव युद्धवृत्तांत गौरवाने नोंदलं गेलं. १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, १९७१ पर्यंत पुनर्नियुक्तीवर काम केलं. शिपाई म्हणून आत शिरलेला माणूस मेजर होऊन बाहेर पडतो, ही चढण लहान नव्हे; परमवीर चक्राच्या मानाने मात्र ती पदवी लहान वाटते. त्या काळात शिपाईगिरीतून वर आलेल्याला अधिकारी होईपर्यंतच तिशी गाठावी लागे, आणि पुढच्या पायऱ्या चढायला वर्षं उरत नसत.

१९८४ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांना परमवीरांची नावं दिली. त्यातलं एक 'लेफ्टनंट राम राघोबा राणे'. बहुतेक जहाजं दिवंगतांच्या नावांची. या जहाजाचा नामधारी मात्र जिवंत होता, आणि मेजर म्हणून निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये ते वारले. २००६ मध्ये कारवारला टागोर किनाऱ्यावर, 'चपळ' या युद्धनौकेच्या संग्रहालयाशेजारी त्यांचा पुतळा उभा राहिला. २०२३ मध्ये अंदमानातल्या एकवीस बेटांना परमवीरांची नावं दिली, त्यात एक राणे यांचं.

नादपूरजवळ गेलेल्या त्या दोन जवानांची नावं मानपत्रात नाहीत. तशी अपेक्षाही नसते; मानपत्र एका माणसाचं असतं. पण चार दिवस राणे यांच्यासोबत संगीन घेऊन पोटावर पडलेले, दारूच्या पेट्या वाहणारे, झाडं ओढणारे सगळे जवान बॉम्बे सॅपर्सचेच होते, आणि या गटात सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीची पोरं पिढ्यान्पिढ्या भरती होत आली आहेत. आपल्याकडे लढाईच्या आठवणी विचारल्या जातात त्या पायदळाच्या माणसाला, आणि विचारलं जातं ते किती मारले. ज्यांच्या घरात एखादे आजोबा, काका, मामा सॅपर असतील, त्यांनी या दिवाळीत त्यांच्याजवळ बसून दुसरा प्रश्न विचारावा: कुठला पूल बांधलात, कुठला रस्ता काढलात, तेव्हा सोबत कोण होतं. आणि जी नावं ते सांगतील, ती गावासकट लिहून ठेवावीत.